पाळण्याची दोरी एकट्या हाती नको

काही दिवसांपूर्वी एका परिचित कुटुंबात बारशाला जाण्याचा योग आला. घर सुशिक्षित, सुस्थित आणि संस्कारी. पाळणा फुलांनी सजविला होता, घुगऱ्या वाटल्या जात होत्या, आत्याबाई बाळाच्या कानात ‘कुर्र’ करण्यासाठी सरसावून उभ्या होत्या. या साऱ्या लगबगीत बाळाची आई मात्र दुसऱ्याच कुणाच्या घरच्या कार्याला आल्यासारखी बसली होती. डोळे ओढलेले, चेहऱ्यावर उसने हसू. कुणीतरी सहज विचारले, “बाळ रात्री झोपतं का गं?” तिने नकारार्थी मान हलविली आणि चहूबाजूंनी सल्ल्यांचा वर्षाव सुरू झाला. “दूध पुरत नसेल.” “तूच काहीतरी वातूळ खाल्लं असशील.” “दृष्ट काढ.” “जायफळ उगाळून दे थोडं.” आणि शेवटी एक ठेवणीतले वाक्य, “आजकालच्या मुलींना काही सोसतच नाही!”

त्या भरल्या घरात तिला एका माणसानेही विचारले नाही, “आणि तू? तू झोपतेस का?” प्रांजळपणे सांगावयाचे तर मीही विचारले नाही. पेढा घेतला, आशीर्वाद दिला आणि निघालो. घरी आल्यावर तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. प्रस्तुत लेख म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे प्रायश्चित्त आहे असे वाचकांनी समजावे.

प्रथम बाळाचा पक्ष समजून घेऊ. नवजात अर्भक दिवसाच्या चोवीस तासांपैकी साधारण १४ ते १७ तास झोपते. ऐकणाऱ्याला वाटते, मग तक्रार कसली? पण ही झोप सलग नसते, तुकड्यातुकड्यांची असते. बाळाच्या झोपेचे एक आवर्तन जेमतेम तासाभराचे असते आणि त्यातील सुमारे निम्मी झोप चाळवलेली, हलकी असते. पोट इवलेसे, आईचे दूध पचण्यास सोपे. त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे सांगणारे शरीरातील घड्याळ जन्मतः चालू झालेले नसते. ते लागायला दोन ते चार महिने जावे लागतात. रडण्याचे प्रमाणही पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांनंतर बहुतेक बाळांच्या बाबतीत ओसरते. म्हणजे दोन महिन्यांचे बाळ रात्री तीनदा उठते यात बाळाचाही दोष नाही आणि त्याच्या आईचाही नाही. ती निसर्गाची व्यवस्था आहे. ताप, दूध न ओढणे, वजन न वाढणे, अखंड किंचाळणे अशी लक्षणे असतील तर वैद्याकडे अवश्य जावे. पण केवळ जागते म्हणून बाळ आजारी ठरत नाही आणि आई नालायक ठरत नाही.

आता आईचा पक्ष. प्रसूती झालेल्या स्त्रीचे शरीर झिजलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रसूतींमागे साधारण एक प्रसूती शस्त्रक्रियेने झालेली दिसते. पोटावर ताजे टाके असलेली, रक्त कमी असलेली स्त्री रात्री चार वेळा उठून बाळाला उचलते, पाजते, ढेकर काढते, दुपटे बदलते आणि सकाळी सहाला पुन्हा उभी राहते. एखाद्या रात्रीचे जागरण माणूस सोसतो. सलग साठ रात्री झोपेचे तुकडे झाले तर कुणाचेही मन थाऱ्यावर राहणार नाही. युद्धकैद्याला बोलते करण्यासाठी त्याला झोपू न देणे हा छळाचा प्रकार मानला जातो. तीच अवस्था आपल्या घरात आपल्याच सुनेच्या वाट्याला आली की तिला आपण ‘मातृत्वाची तपश्चर्या’ म्हणतो आणि मोकळे होतो.

ही केवळ भावनेची भाषा नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सहा ते बारा महिने वयाच्या बालकांच्या ७३८ मातांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्म्या, ४६ टक्के मातांनी बाळाची झोप ही समस्या असल्याचे सांगितले आणि अशा मातांमध्ये विषण्णतेची लक्षणे अधिक आढळली. पण याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. बाळ नीट झोपत नसूनही ज्या मातांना स्वतःला पुरेशी चांगली झोप मिळत होती, त्यांच्यात विषण्णतेचा धोका वाढलेला दिसला नाही. याचा सरळ अर्थ असा की, बाळाचे जागणे आपल्या हाती नसले तरी आईचे कोसळणे टाळणे आपल्या हाती आहे. बाळ जागेल, पण प्रत्येक वेळी त्याच्यासोबत आईनेच जागले पाहिजे असे नाही.

ऑस्ट्रेलियातील कुटुंबे एकटी, विखुरलेली. आपल्याकडे असे काही नसते, असे म्हणून हा विषय झटकून टाकण्याचा मोह होईल. तो मोह आवरलेला बरा. भारतातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रसूत झालेल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांत प्रसूतीनंतरची विषण्णता आढळली. पाच बाळंतिणींत एक! आपल्या शेजारच्या गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया विषण्णतेने ग्रासलेल्या दिसल्या. कारणांमध्ये आर्थिक ओढाताण होती, पतीशी बिघडलेले संबंध होते, आणि लिहिताना लाज वाटते, पण बाळ मुलगी असणे हेही एक कारण होते. ज्या समाजात लक्ष्मी आली म्हणून साखर वाटण्याची भाषा केली जाते, त्याच समाजात मुलीला जन्म देणारी आई अंधाऱ्या खोलीत मनाने खचत असेल, तर ती साखर आपल्याला कडू लागली पाहिजे.

आपली परंपरा याबाबत काय सांगते? चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य ही निद्रेवर अवलंबून असल्याचे सांगितले. काश्यपसंहितेत, ज्याला बोलता येत नाही अशा बालकाची वेदना त्याच्या रडण्या-झोपण्यावरून कशी ओळखावी, यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे मातेचे स्तन्य नाहीसे होते, असे सुश्रुतसंहिता सांगते. तिथे उपदेशाचा रोख आईला दोष देण्याकडे नाही. तिचे मन प्रसन्न राहील अशी व्यवस्था करण्याकडे आहे. वाग्भटाने प्रसूतीनंतर दीड महिन्यापर्यंत स्त्रीला ‘सूतिका’ म्हटले आणि तोवर तिच्यासाठी वेगळा आहार-विहार सांगितला. आधुनिक वैद्यकही सूतिकाकाल सहा आठवड्यांचाच मानते. आपल्या घरांतला सव्वा महिना हा याच विचाराचा लोकाचारातील अवतार होय.

त्या सव्व्या महिन्याचे मर्म कशात होते? डिंकाच्या लाडवात? शेकशेगडीत? धुरीत? हे सारे होतेच. पण खरे मर्म होते हातांमध्ये. पहिले बाळंतपण माहेरी. तेथे आई असे, काकू असे, मावशी येऊन राहिलेली असे. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई असे. बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, उंबरा ओलांडायचा नाही, या नियमांना आज आपण सोवळे-ओवळे म्हणून हसतो. त्यांत अज्ञान होते, विटाळाची जाचक कल्पना होती, कोंदट अंधारी खोली होती; त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्या नियमांचा व्यावहारिक परिणाम असा होता की, चाळीस दिवस त्या स्त्रीला कुणी कामाला जुंपू शकत नसे. बाळ पाजून झाले की दुसरे कुणी ते उचलून नेई आणि आई डोळा लावी.

आज काय शिल्लक राहिले? लाडू आता दुकानात मिळतात, मालिशवाली दूरध्वनीवर ठरविता येते, बारशाला सभागृह घेतले जाते. विधी राहिले, वस्तू राहिल्या, हात गेले. मुंबई-पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत, किंवा सातासमुद्रापार एखाद्या परक्या शहरात, नवरा कामावर गेल्यावर आई आणि बाळ अशी दोघेच चार भिंतींकडे पाहत बसतात. माहेरची आई स्वतः नोकरीत असते किंवा आजारी असते. सासूबाई येतात, पण कित्येकदा त्या बाळासाठी येतात, सुनेसाठी नव्हे. बाळ त्यांच्या मांडीवर आणि स्वयंपाकघर सुनेच्या माथी, अशी ही मदत!

“आमच्या आज्यांनी दहा-दहा मुले वाढविली, त्यांना कुठे विषण्णता आली?” हा प्रश्न या विषयावर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, त्यांना आली नाही असे आपण समजतो, कारण त्यांना कुणी विचारलेच नाही. ‘बाळंतवात झाला’, ‘बाहेरची बाधा झाली’, ‘डोक्यावर परिणाम झाला म्हणून माहेरी पाठविले’, ‘विहिरीत पाय घसरला’ असे शब्दप्रयोग प्रत्येक घराण्याच्या इतिहासात दबक्या आवाजात ऐकू येतात. त्या शब्दांखाली काय गाडले गेले, याचा शोध कुणी घेतला नाही. आपल्या एकत्र कुटुंबाचा अभिमान जरूर बाळगावा. पण ते प्रत्येक सुनेसाठी नंदनवन होते असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

आणि गरिबांघरच्या बाळांना कसे झोपविले जात होते, हेही महाराष्ट्राने विसरू नये. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना घरी ठेवून जाताना अफूची ‘बाळगोळी’ देत असत. त्या काळातील पाहण्यांत याची नोंद आहे. मूल गुंगीत पडून राही आणि आई साच्यावर उभी राही. त्या आया निर्दय नव्हत्या; त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलाच गेला नव्हता. या पार्श्वभूमीवर मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा १९२८च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या समर्थनार्थ उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार केवळ मालकावर न टाकता शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. मातेची विश्रांती ही तिची खासगी चैन नसून राष्ट्रीय हिताची बाब आहे, हा विचार सुमारे शंभर वर्षांपूर्वी या भूमीत मांडला गेला. २०१७च्या दुरुस्तीने भरपगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ती याच वाटेवरून. मात्र शेतमजूर, घरकामगार, विटभट्टीवरील बाई यांच्या पदरात ती रजा पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

बाळगोळी गेली; पण तिची मानसिकता गेली आहे का? आजही बाळ शांत व्हावे म्हणून जायफळ जरा जास्त उगाळले जाते, कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेचे औषध पाजले जाते. जायफळाची मात्रा वाढली तर तान्ह्या जिवाला ते विषासमान ठरू शकते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील नको, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे, मोहरीची वा मऊ उशी देऊ नये, हेही त्यांचे सांगणे आहे. आजीच्या मायेला धक्का न लावता हा बदल घरात आणता येतो. दुसऱ्या टोकाला, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून रडू द्यावे, आपोआप सवय लागते, असा परदेशी पुस्तकांतून उचललेला सल्ला दिला जातो. दोन-तीन महिन्यांच्या भुकेल्या जिवाला हा सल्ला लागू नाही. सहा महिन्यांनंतर झोपेची ठरलेली वेळ, मंद दिवा, ठरलेली अंगाई, जागेपणीच पाळण्यात ठेवून हळूहळू स्वतः झोपी जाण्याची सवय, या गोष्टींचा मात्र उपयोग होतो. यात परके असे काहीच नाही.

मग करावयाचे काय? पहिले कर्तव्य पतीचे. रात्रीचे एक पाजणे सोडून बाकी सारे पुरुषाला करता येते. ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणे, यांपैकी कशालाही स्त्रीदेह लागत नाही. आईला सलग चार-पाच तासांची झोप मिळेल अशी रात्रीची वाटणी घरातल्या घरात होऊ शकते. बाळाचे दूध काढून ठेवता येते. ‘मला सकाळी कामाला जायचे असते’ हा युक्तिवाद टिकणारा नाही. तिचे काम तर संपलेलेच नसते.

येथे आपल्याच वर्तुळातील एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. या पानांचा वाचक बहुधा कुठल्या ना कुठल्या सामाजिक कामाला जोडलेला असतो. बैठका, प्रवास, कार्यक्रम यांतून घरी परतायला रात्रीचे अकरा वाजतात. ‘घर ती सांभाळते म्हणून मी काम करू शकतो’ हे वाक्य आपण सत्कारसमारंभात कृतज्ञतेने उच्चारतो. पण ज्या घरात दोन महिन्यांचे बाळ आहे, त्या घरच्या कार्यकर्त्याला सहा महिने सायंकाळच्या बैठकांतून मोकळे करणे, हे त्याच्या ज्येष्ठांचे काम आहे. आणि ती मोकळीक संकोच न बाळगता मागणे हे त्याचे काम आहे. समाज घडविण्याची सुरुवात त्याच्या घरातल्या पाळण्यापासून होते. तो पाळणा एकट्या बाईने रात्रभर हलवावा आणि त्याने बाहेर मातृशक्तीवर बौद्धिक द्यावे, ही विसंगती मुलांच्याही ध्यानात येते.

दुसरे कर्तव्य घरातील ज्येष्ठांचे. बाळ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आवरावे. येणाऱ्याने बाळासाठी सहावे झबले आणण्याऐवजी डबा आणावा, दोन तास बाळाला सांभाळावे आणि आईला सांगावे, “जा, दार लावून झोप.” आणि ‘तुझे दूधच पातळ’ हे वाक्य आपल्या घरातून कायमचे हद्दपार करावे.

तिसरे कर्तव्य ओळखण्याचे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणे, मन हळवे होणे हे बहुसंख्य स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत निवळते. ते त्यापुढेही राहिले, कशातच मन रमेना, बाळाविषयी काहीच वाटेना, आणि विशेषतः बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप येईना, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, विचित्र भास, भलतेच बोलणे, दोन-तीन रात्री मुळीच झोप नसणे अशी लक्षणे दिसली, तर अंगारा-धुपारा करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हा आजार आहे आणि तो बरा होतो. शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे, असे विभाग आपल्या जिल्हा रुग्णालयांत का असू नयेत, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्याजोगा आहे.

यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिच्या आधारे २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाते. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. ती बाळाचे वजन पाहते, ताप पाहते. आईच्या मनाची विचारपूस करणारी दहा प्रश्नांची सोपी एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून उपलब्ध आहे. बाळाच्या वजनासोबत आईच्या मनावरचे ओझेही मोजले गेले, तर कितीतरी संसार वेळीच सावरतील.

मातेला देवता म्हणणे सोपे असते. देवतेला झोप लागत नाही, भूक लागत नाही, तिला नैवेद्य दाखविला की आपले कर्तव्य संपते. आई मात्र माणूस आहे. तिला नैवेद्य नको, चार तासांची अखंड झोप हवी.

त्या बारशाच्या घरी मी पुढच्या आठवड्यात पत्नीसह पुन्हा गेलो. तिने बाळाला उचलून घेतले आणि राहून गेलेला तो प्रश्न विचारला. त्या मुलीने उत्तर दिले नाही. तिचे डोळे मात्र भरून आले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि सायंकाळचे दिवे लागेपर्यंत झोपली. बाळ मधे दोनदा जागे झाले, रडले आणि पत्नीच्या खांद्यावर पुन्हा झोपी गेले. आम्ही दुसरे काही केले नाही.